हैदराबादची हॉकी पात्रता स्पर्धा: एकच फेरी जमणार आहे, पहिली मॅच बघू की शेवटची?

अनघा_सोलापूर

नमस्कार. प्रश्न जरा घरगुती आहे, पण इथे हॉकी खेळलेली मंडळी आहेत म्हणून विचारते.

माझी लेक नववीत आहे. दोन वर्षं हॉकी खेळते, लेफ्ट हाफ. सगळं शाळेच्या मातीच्या मैदानावर. टर्फवर आजवर दोनदाच पाय लागलाय, तोही जिल्ह्याच्या स्पर्धेपुरता. ८ ते १४ मार्च २०२६ ला हैदराबादला महिला वर्ल्ड कपची पात्रता स्पर्धा आहे हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. हैदराबाद आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, त्यामुळे लांब पडतं असंही म्हणता येईना.

अडचण अशी की तिची वार्षिक परीक्षा तोंडावर आणि माझा मार्चएंड. फेरी एकच जमेल. एकतर रविवारी ८ तारखेला भारताची पहिली मॅच, नाहीतर शनिवारी १४ तारखेचा शेवटचा दिवस. हिचे बाबा म्हणतात, पैसे घालून जाताय तर फायनलच बघा, बाकीचं टीव्हीवर दिसतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तिला समजावता आली नाही. सप्टेंबरात आशिया कपला मुलींनी रौप्य मिळवलं ना? पुरुष राजगीरला आशिया कप जिंकून थेट वर्ल्ड कपला गेले. मग दुसरा नंबर काढूनही आपल्या मुलींना पुन्हा परीक्षा का?

चारमिनारकर

ताई, मैदान गच्चीबौलीला आहे, म्हणजे गावाच्या पश्चिम टोकाला. सोलापूरकडून येताना नामपल्ली किंवा सिकंदराबादपर्यंत जाऊ नका, तुमची गाडी थांबत असेल तर लिंगमपल्लीला उतरा. तिथून रिक्षाने फार नाही. आम्ही गेली बावीस वर्षं इथे आहोत आणि दर पाहुणा आधी नामपल्लीला जाऊन मग आम्हाला फोन करतो.

मॅच कुठली बघायची ते हॉकीवाले सांगतील. मी क्रिकेटवाला.

डावा_पॅड

अनघाताई, रविवारीच जा. का ते सांगते, पण लांबण लागेल.

आधी रौप्याचं. वर्ल्ड कपला १६ संघ असतात. यंदा ऑगस्टात नेदरलँड्स आणि बेल्जियम मिळून भरवताहेत, ते दोघे यजमान म्हणून आपसूक आत. काही जागा प्रो लीगमधून, म्हणजे मोठ्या संघांच्या साखळी स्पर्धेतून भरल्या, आणि प्रत्येक खंडाच्या विजेत्याला एकेक. उरल्या सात जागा. त्यासाठी आठ-आठ संघांच्या दोन स्पर्धा, एक चिलीत सांतियागोला आणि एक हैदराबादला. दोन्हीकडचे पहिले तीन जातात, आणि दोन चौथ्यांपैकी ज्याचं रँकिंग वरचं तो सातवा. आशियाची ती एक जागा चीनने घेतली. हांगझोऊच्या फायनलला नवनीतने पहिल्याच मिनिटाला गोल केला होता, मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात सांगायला गेले, परत आले आणि नंतरचे चारही गोल चीनचे बघितले. १-४.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण मागच्या वेळी असं नव्हतं. २०२२ च्या आशिया कपला आपण तिसरे आलो होतो आणि तेवढ्यावर वर्ल्ड कप मिळाला होता. तेव्हा आशियातून पहिले चार जात होते. नियम दर वेळी बदलतात, त्यामुळे रौप्य की कांस्य यापेक्षा त्या वर्षी दारं किती उघडी आहेत ते आधी बघावं लागतं.

आता रविवार का.

मी बँकेत आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये माझी बदली रांचीला होती. त्या बदलीला मी वर्षभर शिव्या दिल्या होत्या. आणि मग पॅरिस ऑलिम्पिकची महिला पात्रता स्पर्धा रांचीत आली. खरं तर ती चीनमध्ये चांगझोऊला व्हायची होती, पण चीनच्या मुली एशियाडचं सुवर्ण जिंकून थेट पॅरिसला गेल्या आणि स्पर्धा आपल्याकडे. मी कॉलेजात गोलकीपर होते. विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं, त्यातलं दीड वर्ष राखीव. डाव्या पॅडचा पट्टा तुटलेला असायचा, सुतळीने बांधायचे, म्हणून इथलं हे नाव.

मोराबादीचं ते मैदान जयपाल सिंह मुंडांच्या नावाचं, १९२८ च्या ऑलिम्पिकमधला आपला कप्तान. तिथे 'मरांग गोमके' म्हणतात त्यांना, थोर नेता. १३ जानेवारी, दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. संध्याकाळी थंडी अशी की मी शालीवर स्वेटर घातला होता, उलटं. सिमडेगा, खुंटीकडून गाड्या भरभरून माणसं आली होती. सलीमा टेटे, संगीता, ब्यूटी, निक्की प्रधान, सगळ्या तिकडच्याच लेकी. माझ्या शेजारी एक आजी होत्या, हॉकीतलं सगळं कळत होतं त्यांना. शॉर्ट कॉर्नर, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, मिळाला की अंपायरच्या आधी ह्यांचा हात वर.

पहिली मॅच अमेरिकेशी. गटात न्यूझीलंड आणि इटलीही होते, पण जो तो न्यूझीलंडचीच गणितं मांडत होता. अमेरिका म्हणजे घरच्या मैदानावरचं तोंड धुणं असंच सगळे समजून चाललेले. सोळाव्या मिनिटाला त्यांच्या अ‍ॅबिगेल टेमरने गोल केला. दुसरा क्वार्टर नुकता सुरू झाला होता, लोक अजून चहा घेऊन जागेवर येत होते. मग चव्वेचाळीस मिनिटं आपण त्यांच्या डीभोवती, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाभोवती, घिरट्या घातल्या. त्यांची गोलकीपर केल्सी बिंग. मी अर्धा वेळ तिच्याच पायांकडे बघत होते. चेंडू लांब असताना ही बाई हलायचीच नाही, आणि जवळ आला की पाय नेमका तिथे. ०-१ हरलो.

पात्रता स्पर्धेत पहिली मॅच हरण्याचा अर्थ त्या रात्री कळत नाही, तो हळूहळू वसूल होतो. दुसऱ्याच दिवशी न्यूझीलंड. तिथे चारही गोल पहिल्या पंधरा मिनिटांत झाले, ३-१ जिंकलो. मंगळवारी इटलीला ५-१. उदिताची शंभरावी मॅच होती, तिने पहिल्याच मिनिटाला एक आणि शेवटी एक असे दोन मारले. आजी नाचल्या. पण गटात पहिली अमेरिका, दुसरे आपण. त्यामुळे उपांत्य फेरीत अमेरिकेसमोर जपान आणि आपल्यासमोर जर्मनी. शनिवारच्या त्या एका गोलाने हे वळण दिलं.

गुरुवारी मी साहेबांना दाढ दुखतेय सांगून निघाले. साहेब माझ्या पुढच्याच रांगेत मफलर गुंडाळून बसलेले. दोघांनीही ओळख दिली नाही. दीपिकाने पंधराव्या मिनिटाला शॉर्ट कॉर्नरवर गोल केला, मग जर्मनीच्या स्टापेनहोर्स्टने बरोबरी साधली, आणि सत्तावन्नाव्या मिनिटाला तिनेच दुसरा मारला. स्टेडियम गार पडलं. एकोणसाठाव्या मिनिटाला इशिका चौधरी. २-२. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की साहेब मागे वळून माझ्या हातावर टाळी देत होते.

मग शूटआउट. लेकीला आत्ताच सांगून ठेवा, हॉकीत आता बरोबरीनंतर जादा वेळ नसतो. तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघायचं, आठ सेकंदांत गोल करायचा, समोर एकटी गोलकीपर. गोलकीपरने कधी बाहेर पडायचं हाच सगळा खेळ. लवकर पडली तर समोरची खेळाडू वळसा घालते, उशिरा पडली तर पूर्ण गोल त्या खेळाडूला मोकळा. आपली गोलकीपर सविता पुनियाने अडवायचं तेवढं अडवलं. पाच-पाच प्रयत्न संपले तरी बरोबरी, सडन डेथला ३-४. शूटआउट बघताना माझे गुडघे आपोआप वाकतात, अजूनही. शेजारच्या माणसाला वाटतं हिला चक्कर येतेय.

आणि चोवीस तास व्हायच्या आत, शुक्रवारी दुपारी साडेचारला तिसऱ्या नंबरसाठी जपान. जिंकेल तो पॅरिसला. सहाव्या मिनिटाला काना उराताने शॉर्ट कॉर्नरवर गोल केला आणि त्या एका गोलावर जपान गेलं. आपल्याला शॉर्ट कॉर्नर मिळत राहिले, एकही आत गेला नाही.

त्यानंतर फायनल होती. जर्मनी आणि अमेरिका, दोघेही आदल्या दिवशीच पॅरिसला पोचलेले. अर्धे लोक उठून गेले. मी थांबले. लग्न लागून गेल्यावरच्या शेवटच्या पंगतीसारखी मॅच. जर्मनी २-० जिंकलं असं माझ्या डायरीत लिहिलेलं आहे म्हणून सांगता येतं. तेव्हा हिच्या बाबांना सांगा, पात्रता स्पर्धेच्या फायनलसाठी पैसे घालू नका. तिथे जीव टांगणीला लागतो तो उपांत्य फेरीत आणि तिसऱ्या नंबरच्या मॅचला, आणि पाया पडतो पहिल्या दिवशी.

हैदराबादलाही रचना तशीच आहे. आपल्या गटात उरुग्वे, स्कॉटलंड, वेल्स. म्हणजे पुन्हा तेच, सगळे म्हणतील सोपा गट. इंग्लंड दुसऱ्या गटात. आपण गटात पहिले आलो तर उपांत्य फेरीत त्या गटातला दुसरा संघ मिळेल.

लेकीला घेऊन मॅचच्या तासभर आधी पोचा. टर्फवर पाणी मारतात ते तिला बघू दे, चेंडू का सरपटतो ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. आणि ती लेफ्ट हाफ असेल तर तिला सांगा, चेंडू उजवीकडे असताना आपली डावीकडची पोरगी काय करते तेवढंच बघ. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे ते टीव्हीवर कधीच दिसत नाही.

शिवाय आपल्याकडच्या कुणी संघात असल्या तर ओरडायलाही मजा येते. वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसूची, ऋतुजा पिसाळही सातारा जिल्ह्यातलीच. रांचीला वैष्णवी होती, हांगझोऊला दोघी. रांचीत मी "आसूऽऽ" म्हणून ओरडले तेव्हा आजींनी विचारलं, आसू म्हणजे रडतेस का?

सेंटरहाफ_खडकी

डावा पॅड, लिहिलंय झकास, पण हिशेब चुकतोय. पहिल्या मॅचने घात केला म्हणता, मग शेवटची मॅच जपानशी होती ती? जिंकलो असतो तर अमेरिकेशी हरल्याचं आज कुणाला आठवलंही नसतं. आणि जपाननेही आदल्या दिवशीच उपांत्य सामना खेळला होता, अमेरिकेशी १-२ हरले होते. थकवा दोघांना सारखाच. दिवसभर शॉर्ट कॉर्नर वाया घालवायचे आणि दोष गटवारीला.

भुवनेश्वर आठवा, नोव्हेंबर २०१९, टोकियोची पात्रता. तेव्हा आठ संघ वगैरे नाही, दोनच देश, दोन दिवसांत दोन मॅच, गोलांची बेरीज. समोर हीच अमेरिका. पहिल्या दिवशी ५-१. आमच्या क्लबात पेढे वाटून झाले होते हो! दुसऱ्या दिवशी अर्ध्या वेळेला अमेरिका ४-०. बेरीज ५-५. मी टीव्ही बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला राणी रामपालने मारला, ६-५, आणि त्या एका गोलावर पोरी टोकियोला जाऊन चौथ्या आल्या. पहिली मॅच दणक्यात जिंकूनही मरता मरता वाचलो. म्हणून माझं मत, शेवटचा दिवस.

आणि फायनलला किंमत नसते हेही कायमचं नाही. २०१२ ला दिल्लीत एकच संघ लंडनला जायचा होता. मुली फायनलला पोचल्या आणि दक्षिण आफ्रिकेशी १-३ हरल्या. तिथे फायनल हीच सगळी स्पर्धा. उलट २०१५ ला अँटवर्पला आपण पाचव्या नंबरची मॅच खेळलो. एरवी पाचव्या नंबरची मॅच कोण बघतं? जपानला १-० हरवलं, गोल राणीचाच, आणि मग युरोपातले निकाल आपल्याला हवे तसे लागेपर्यंत बसलो वाट बघत. त्या पाचव्या नंबरवर ३६ वर्षांनी ऑलिम्पिक मिळालं, मॉस्को १९८० नंतर थेट रिओ.

डावा_पॅड

सेंटरहाफकाका, थकव्याचं मान्य. सबबच होती ती, गोलकीपर लोक सबबी गोळा करतात. पण शूटआउट हरून झोपणं आणि सरळ १-२ हरून झोपणं यात फरक आहे की नाही ते एकदा तुमच्या गोलकीपरला विचारा, सेंटरहाफला नाही कळायचं.

भुवनेश्वरचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. दुसऱ्या दिवशी १-४ हरूनही आपण गेलो ते पहिल्या दिवसाच्या पाच गोलांवर. राणीचा गोल सगळ्यांना आठवतो, आदल्या दिवशी गुरजीतने मारलेले दोन कुणाला आठवत नाहीत.

बाय द वे, तेव्हाचे कोच मरिन जानेवारीत परत आलेत. दोन मॅचची बेरीज आणि आठ संघांचा आठवडा, दोन्ही वेगळे प्राणी आहेत. त्यांनी पहिला पाळला होता, दुसऱ्याला कसं हाताळतात बघू.

रिकामटेकडा

एक बाळबोध शंका. एवढं सगळं करण्यापेक्षा रँकिंगचे पहिले १६ घेऊन मोकळे का होत नाहीत?

सेंटरहाफ_खडकी

मग आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून कोण येणार? निम्मी यादी युरोपच भरून टाकेल. जे संघ मोठ्या संघांशी वर्षभर खेळतात त्यांनाच रँकिंग वाढवायच्या संधी जास्त. उरुग्वेने इंग्लंडशी खेळायचं कधी? अशाच स्पर्धेत. आणि रँकिंगवर सगळं चाललं असतं तर रांचीत अमेरिका आपल्या वर आलीच नसती. २०१४ चा वर्ल्ड कप आपल्याला मिळाला नव्हता हे विसरू नका, आणि १९७४ च्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड कपला आपण चौथे होतो. कुणाचंच स्थान कायम राहत नाही, आपलं तर नाहीच. मागच्या प्रो लीगला तळाला राहून खाली घसरलो त्याला वर्षही झालं नाही.

रिकामटेकडा

बरं. रागावू नका.

अनघा_सोलापूर

सगळ्यांचे आभार. तुम्हा दोघांचं भांडण रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. हिचे बाबा सेंटरहाफकाकांच्या बाजूचे झाले, लेक डावा पॅड यांच्या. तिकिटं मी काढते, त्यामुळे शनिवारी रात्री निघून रविवारी मॅच. १४ तारखेला बाबा एकटेच टीव्हीसमोर बसणार आहेत.

चारमिनारकर, परतीची गाडीही लिंगमपल्लीहून मिळेल का? रात्री दहानंतरची हवी आहे, मॅच संपून तिथवर पोचायला तेवढा वेळ लागेल ना?

डावा पॅड, तिने तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय, तसाच लिहिते: "चेंडू उजवीकडे असताना मी नेहमी आत सरकते, सर म्हणतात बाहेर राहा. कोण बरोबर?"

डावा_पॅड

तिला सांगा, माझ्या पुढे खेळणारी लेफ्ट हाफ बाहेर राहायची आणि मधून येणारा प्रत्येक चेंडू माझ्या सुतळीच्या पॅडवर आदळायचा. मी आत सरकणारीच्या बाजूने आहे. पण सरांना माझं नाव सांगू नका. रविवारी बघून या आणि मैदानावरच्या पोरी काय करतात ते इथे येऊन लिही म्हणावं.

चारमिनारकर

गाडीचं बघून कळवतो. मैदान ते स्टेशन रविवारी रात्री अर्धा तास धरा. आणि मॅच दुपारची निघाली तर टोपी, पाणी घ्याच. मार्चचं इथलं ऊन सोलापूरच्या माणसाला मी काय सांगणार म्हणा.